नवशिक्यांचा चषक

६ जानेवारी २०१९, रविवार

ठरलं एकदाचं. क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये आज बरीच वादावादी झाली, पण शेवटी माझं म्हणणं मान्य झालं. वीस तारखेपासून लागोपाठ तीन रविवार, फक्त नवशिक्यांसाठी पॅराग्लायडिंगची स्पर्धा.

नियम मीच केले. वेगाला गुण नाहीत. टेकऑफवरून उडायचं, डोंगराच्या कडेकडेनं सान इसिद्रोच्या चर्चपर्यंत जायचं आणि खाली उसाच्या मधोमध जे फुटबॉलचं मैदान आहे तिथं उतरायचं. वाटेत कुणाला हवा बरी वाटली नाही आणि तो आधीच उतरला, तर त्याचे गुण कापायचे नाहीत. "नको वाटलं" एवढं कारण पुरे. यावर जुन्या पायलटांपैकी एकानं विचारलं की ही स्पर्धा आहे की बालवाडी, शेवटी गोळ्या-बिस्किटं वाटणार का. मी म्हटलं, वाटणार, चीजच्या पावासारखे गरम पान्देबोनो वाटणार, तुला मिळणार नाहीत.

नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या मनात आर्सेसिओच होता. ऑगस्टच्या मोठ्या शर्यतीत दोन मिनिटं वाचवायला तो डोंगरामागून गेला. दुपारचं समुद्रावरचं वारं त्या दिवशी लवकर सुटलं आणि एल तांबोरच्या घळीवर त्याचा पंख मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खाली आणलं. पडताक्षणीच गेला असणार, त्रास झाला नसणार, असं बचाव पथकातले लोक म्हणाले. आमच्या ला सेइबिता गावात जे कुणी उडतात त्यांतल्या निम्म्यांना त्यानंच शिकवलेलं. मलाही. मी त्याच्या मुलीची, सिर्लेची, धर्ममाता, तिची माद्रिना.

त्याच्या बायकोला अजून स्पर्धेचं सांगितलेलं नाही. लुसदारी ऑगस्टपासून माझ्याशी बोलते, पण शेजारणीशी बोलावं तशी; मुलीच्या धर्ममातेला आई 'कोमाद्रे' म्हणते, ते ती आता म्हणत नाही. माझ्यावर राग आहे तिचा. असायचाच. त्या शर्यतीत मी मदतीला होते, आणि मी घरी परत आले.

९ जानेवारी, बुधवार

गेले एकदाची लुसदारीकडे. ती मक्याचे दाणे दळत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: स्पर्धा का घ्यायची, नियम कसे साधे ठेवलेत, दुपारी वारं सुटायच्या आत सगळे खाली असतील. ती यंत्राची मूठ फिरवत राहिली. मग एवढंच विचारलं की कुठले रविवार. सांगितल्यावर म्हणाली, "जेवणाचं मी बघते. केळीच्या पानातले तामाल करीन. वर पाठवीन उरिएलबरोबर."

मला रडूच आलं असतं. म्हणजे तिला पटलंय. माझा नवरा उरिएल आमच्या जुन्या जीपमधून पायलटांना डोंगरावर नेतो आणि उतरतील तिथून गोळा करून आणतो. त्याच्याबरोबर ती जेवण पाठवणार. स्वतः नाही येणार, पण हेही काही कमी नाही.

तेवढ्यात सिर्ले आतून आली आणि म्हणाली, "माद्रिना, माझं नाव घाल." मी लुसदारीकडे पाहिलं. तिनं यंत्रात आणखी मूठभर दाणे टाकले. नाही म्हणाली नाही.

१३ जानेवारी, रविवार

सराव. दंतवैद्य डॉक्टर ओस्पिना पुन्हा त्या दुधवाल्याच्या गोठ्याशेजारी उतरले. मैदान एवढं मोठं, पण त्यांचा पंख गायी बघितल्या की तिकडंच वळतो. दुधवाला म्हणाला, डॉक्टर, आता गायींचे दात तरी तपासून जा.

सिर्लेचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. बाकीचे टेकऑफवर फोटो काढत बसतात. ही प्रश्न विचारते. डोंगरामागं हवा किती वाजेपर्यंत शांत असते? तिकडून परत यायला किती उंची लागेल? मागं उतरायला मोकळी जागा कुठं आहे? मी सगळं नीट समजावून सांगितलं, कारण ज्याला धोका कळतो तोच त्यापासून लांब राहतो. बापाचं डोकं आहे तिला, पण बापाची घाई नाही.

जेवताना उरिएल म्हणाला की त्यालाही तिनं विचारलं, एल तांबोरला जायचा रस्ता जीपला चालतो का. मी म्हटलं, विचारू दे. या वयात सगळं जाणून घ्यायचं असतं. त्यानं मक्याच्या अरेपाचा तुकडा तोडला. त्याला शंका काढायची सवयच आहे.

२० जानेवारी, रविवार

पहिला दिवस झाला. देवाची कृपा.

सकाळी गिधाडं उसावरून गोल गोल वर चढायला लागली आणि मी झेंडा दाखवला. एकेक पंख उघडत गेला: पिवळा, निळा, सिर्लेचा नारिंगी. एका मुलीचे पाय इतके थरथरत होते की मी तिला म्हटलं, बस खाली, आजचे गुण तुला मिळालेच असं समज. ती बसली, तामाल खाल्ला, आणि तासाभरानं स्वतःहून उठून उडाली. जुने पायलट मैदानाच्या कडेला उभे राहून उतरणाऱ्यांना टाळ्या वाजवत होते. आर्सेसिओ असता तर म्हणाला असता, नेल्सी, तुझ्या या बालवाडीत मलाही घे.

सिर्ले सगळ्यांत उंच गेली. इतकी उंच, की तिचा पंख ठिपक्याएवढा दिसत होता. पण चर्चकडे जायची घाई तिनं केलीच नाही. डोंगराच्या माथ्यावर, पश्चिमेकडे तोंड करून बराच वेळ एकाच जागी घिरट्या घालत राहिली आणि मग सगळ्यांच्या शेवटी मैदानावर उतरली. संध्याकाळी मी तिचं उदाहरण सगळ्यांना दिलं: संयम म्हणजे हा. तिनं मान खाली घातली. कौतुक सहन होत नाही तिला.

रिकामी भांडी परत द्यायला उरिएल गेला तेव्हा लुसदारी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. सकाळी तामाल न्यायला गेलो तेव्हाही तेच करत होती, तो म्हणाला. तीच चादर. मी म्हटलं, पाहुणे आले असतील, धुणं जास्त असेल.

२३ जानेवारी, बुधवार

माझ्या शिलाईच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, त्यात स्पर्धेची धावपळ. उरिएल म्हणतो, "म्हातारे, स्वतःचा पंख निदान उन्हात तरी टाक, उंदीर लागतील." मला वेळ कुठं आहे? शिवाय गुडघाही दुखतो. स्पर्धा संपली की उडेन. ऑगस्टपासून असं ना तसं काहीतरी काम निघतंच आहे.

२७ जानेवारी, रविवार

आज उडालोच नाही. सकाळपासूनच ढग खाली आणि वारं उलटं. मी झेंडा गुंडाळला, सगळ्यांना आजचे सारखे गुण दिले. टेकऑफवरच्या झोपडीत बसून आम्ही डोमिनो खेळलो. डॉक्टर ओस्पिना हरले आणि म्हणाले की हरण्याचा सराव होतोय.

सिर्ले जीपच्या मागं जाऊन रडत होती. हुंदके देऊन. मी जवळ घेतलं आणि म्हटलं, अगं, एका लाकडी चषकासाठी एवढं? पुढचा रविवार आहेच की. ती म्हणाली, "आणि त्या रविवारी पण नाही झालं तर?" मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी. "पुढच्या वर्षी माझ्यानं होणार नाही," ती म्हणाली. तेवीस वर्षांची पोर, काय काय बोलते. मी तिला जिंकणं-हरणं याबद्दल चांगलं अर्धा तास सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेवटी माझ्या खांद्यावरची धूळ झटकली.

मनात आलं, या स्पर्धेनंही शेवटी ईर्ष्या पेटवलीच की काय.

४ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज दुकान बंद ठेवलंय. जसं घडलं तसं लिहिते.

कालची सकाळ या मोसमातली सगळ्यांत चांगली. सिर्लेनं उडण्याआधी मला मिठी मारली. एरवी ती मिठ्या मारणारी नाही. म्हणाली, "माद्रिना, पाणी जास्तीचं घेतलंय, काळजी करू नकोस." शहाणी पोर, असं मी मनात म्हटलं आणि पुढच्याचे पट्टे तपासायला गेले.

सगळे वर चढले आणि दक्षिणेकडे चर्चच्या दिशेनं निघाले. ती ढगापर्यंत गेली, एक शेवटची घिरटी घेतली आणि सरळ पश्चिमेला वळली. मला वाटलं, दिशा चुकली. रेडिओवर सांगितलं, सिर्ले, चर्च मागं राहिलं, वळ. तिचा आवाज आला, अगदी शांत: "माहीत आहे, माद्रिना." मग नारिंगी ठिपका माथ्यापलीकडे उतरला आणि रेडिओवर नुसती खरखर.

मला खाली बसायचं होतं, पण हवेत बाकीचे होते. मी स्पर्धा थांबवली. म्हटलं, दिसेल त्या मोकळ्या शेतात उतरा, आत्ता. कुणी का म्हणून विचारलं नाही. एकेक आवाज येत गेला, उतरलो, उतरले, मी पण. शेवटचा आवाज येईपर्यंत मी उभी राहिले. मग उरिएल मला जीपकडे घेऊन गेला.

आधी लुसदारीकडे जाणं भाग होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. ती गच्चीवर होती, दोरीवरच्या त्या चादरीला धरून उभी. वर जाऊन मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बापाकडे गेली ती. गाडी आणलीस ना?"

तिनं सगळं पाहिलं होतं. सगळे रविवार पाहत होती. महिनाभर पोर माझ्याशी बोलत होती आणि मला जे कळलं नाही, ते हिला गच्चीवरून कळलेलं. घरातल्या चपलांवरच ती जीपमध्ये बसली.

एल तांबोरचा रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. पूल संपला की जीप चालत नाही, पुढं पायवाट. समुद्रावरचं वारं एव्हाना सुटलं होतं, झाडं वाकत होती. तासाभरापूर्वी सुटलं असतं तर, हा विचार मी करत होते आणि तो ती करत नसावी अशी आशा करत होते. ऑगस्टपासून ती या वाटेनं आलेली नव्हती. त्याला आणलं तेव्हा तिनं शवपेटी पाहिली, ही जागा नाही.

वर एका घराच्या कुंपणावर नारिंगी पंख वाळत घातल्यासारखा पसरलेला दिसला. तो पाहून लुसदारी धावत सुटली. उरिएलनं तिला धरलं. मग घराच्या पडवीत सिर्ले दिसली. बाकावर बसलेली, एक पाय मिठाच्या गरम पाण्यात. मक्याच्या रानात उतरताना घोटा मुरगळला, बाकी काही नाही.

"मामी, मला नुसतं बघायचं होतं," ती म्हणाली. "चालत येऊ म्हटलं असतं तर तू आली नसतीस. आणि मला एकटीलाही येऊ दिलं नसतंस."

लुसदारीनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथंच राहू दिला.

त्या घरात दोन्या क्लेमेन्सिया म्हणून एक म्हातारी राहते. तिनं सगळ्यांना गुळाचं गरम पाणी दिलं आणि लुसदारीला अंगणापलीकडचं पेरूचं झाड दाखवलं. इथंच पडला होता तो, ती सांगू लागली. मी माझी घोंगडी घातली त्याच्या अंगावर. हलवायला जाऊ लागले तर नको म्हणाला, म्हणून मग मीही तिथंच बसले. मालक खेचरावर बसून मदत आणायला गेले, पण खाली जाऊन माणसं यायची म्हणजे रात्र गेली. दिवेलागणीनंतर थोड्या वेळानं गेला तो.

म्हातारी आमच्या तोंडांकडे बघू लागली. म्हणाली, "सांगितलं नाही का तुम्हाला त्या माणसांनी?"

"पडताक्षणी गेला म्हणाले," सिर्ले म्हणाली.

म्हातारी गोंधळली. आपण नको ते बोललो असं तिला वाटलं असावं. पण लुसदारी तिच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, सांगा, सगळं सांगा. मग तिनं सांगितलं. त्याला फार दुखत नव्हतं, पाय कळतच नव्हते. पाणी मागायचा, मी बोटानं ओठ ओले करायचे. छातीवर ती पेटी बोलत होती त्याच्या. इकडून बोलायची वायर तुटली, नुसतं ऐकू येतं, असं म्हणाला. मी म्हटलं, बंद करू का, त्रास होत असेल. तो म्हणाला, नको, बोलू दे.

मी बाकाची कड धरली. त्या पेटीतून, त्याच्या रेडिओतून, मी बोलत होते. शर्यत संपली आणि तो आला नाही, तेव्हा मी टेकऑफवर जाऊन दुपारभर, अंधार होईपर्यंत त्याला हाका मारल्या होत्या. रिकाम्या डोंगराला बोलतेय असंच मला इतके महिने वाटत होतं.

म्हातारी लुसदारीकडे वळून म्हणाली, "तुम्ही पण वर आला होतात ना? तो सांगत होता. माझी बायको आलीय म्हणाला, तिकडं वर उभी आहे. त्यानंतर शांत पडला."

लुसदारी त्या दिवशी तुलुआला बहिणीकडे होती. वाढदिवस होता, गाणी लागली होती, फोन कुणी उचलला नाही. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. संध्याकाळी मला काही सुचेना म्हणून मी रेडिओवर म्हटलं होतं, आर्सेसिओ, लुसदारी इथं माझ्याशेजारी उभी आहे, तिला तरी उत्तर दे. तिच्या नावानं तरी तो बोलेल असं वाटलं, म्हणून मग ती असं म्हणते, तसं म्हणते, असंच सांगत राहिले. उरिएलशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं.

लुसदारीनं माझ्याकडे पाहिलं. मी मातीकडे पाहिलं.

"होते," ती म्हातारीला म्हणाली. "तिथंच होते मी."

मग ती त्या झाडाखाली जाऊन बसली. सिर्ले लंगडत गेली आणि तिच्या शेजारी बसली. मी आणि उरिएलनं पंख घडी करून पिशवीत भरला, वाऱ्यात तो सारखा उघडत होता. म्हातारीनं सिर्लेच्या हातात पेरू दिले होते, ते खाली येताना जीपमध्ये घरंगळत राहिले.

७ फेब्रुवारी, गुरुवार

क्लबची बैठक झाली. मी राजीनामा देणार होते. एका मुलीला नियमांआडून मी तिथपर्यंत पोचवलं, वारं तासभर आधी आलं असतं तर काय झालं असतं, हे सगळं बोलले. डॉक्टर ओस्पिना एरवी थट्टेशिवाय बोलत नाहीत, ते उठले आणि म्हणाले, "तुम्ही उतरा म्हणालात आणि आम्ही सगळे उतरलो, एकानंही दोन मिनिटं जास्त घेतली नाहीत. ऑगस्टमध्ये असं कुणी म्हणणारं असतं तर?" राजीनामा घेतला नाही. चषक त्या थरथर कापणाऱ्या मुलीला मिळाला. तिला तो घ्यावा की नाही कळेना.

सिर्लेवर एक वर्षाची उड्डाणबंदी घातली. मीच मागितली ती. तिला सांगायला गेले तर म्हणाली, "बरं केलंस, माद्रिना. मला आता नाही उडायचं." पंख विकायचा का, असं विचारलं तिनं. मी म्हटलं, राहू दे. मग घरी येऊन मी विचार करत बसले की राहू दे असं मी कुणासाठी म्हटलं.

१० फेब्रुवारी, रविवार

आज आभाळ निरभ्र होतं. क्लबचे लोक उडायला गेले. मी दुकानात गणवेशांच्या गुंड्या लावत बसले.

दुपारी लुसदारी आली. किती महिन्यांनी तिनं उंबरा ओलांडला. मला वाटलं, खोटं का बोललीस असं विचारील, किंवा इतके दिवस का लपवलंस. मी उठू लागले तर तिनं बस म्हणून खूण केली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. समोरच्या ढिगातला एक सदरा उचलला, उगीच त्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "त्या दिवशी वर मी आणखी काय काय म्हणाले, ते सांग."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी सुई खाली ठेवली.

आठवेल तसं सांगत गेले. तू म्हणालीस, सगळे सुखरूप उतरलेत, तुझीच वाट बघतोय. तू म्हणालीस, सान्कोचोचा रस्सा निवतोय, मी परत गरम करणार नाही. तू त्याला रागावलीस, की दर वेळी मेला असाच करतो, न सांगता भलतीकडे उतरतो आणि आम्हाला घोर लावतो.

"हो, तसंच म्हणते मी," ती म्हणाली. "पुढं?"

तू म्हणालीस, दमला असशील तर चालत येऊ नकोस, जिथं असशील तिथं थांब, आम्ही शोधून काढू.

"आणि अंधार पडल्यावर?"

बाहेर कुणाचं तरी रेडिओवरचं गाणं चाललं होतं.

"अंधार पडल्यावर तू म्हणालीस, आता झोप. पोरीची काळजी करू नकोस. सकाळी येतो आम्ही."

तिनं सदरा ढिगावर ठेवला आणि त्यावरून हात फिरवत राहिली.

"हे बरं म्हणाले मी," ती म्हणाली.